एकेचाळीस नंबरचा चाकू

राहनाळात येऊन महादू तरे कुठं राहतो म्हणून विचाराल तर चार माणसं चार दिशांना हात करतील, कारण त्या नावाचे तिथं पाच जण आहेत. महादू चेकर म्हणा, शेंबडं पोरही घराच्या पायरीपर्यंत आणून सोडेल. चौतीस वर्षं या माणसानं भिवंडीतल्या एका कारखान्यात ताके तपासले. लूमवरून उतरलेलं कापड टेबलावरून सरसर ओढत जायचं आणि तुटलेली तार, तेलाचा डाग, विरळ पडलेली पट्टी तिथल्या तिथं धरायची. दुसरा माणूस ताका दोनदा फिरवी, महादू एकदाच. त्याच्या शर्टाच्या खिशात पितळेचं, घडी होणारं एक चिमुकलं भिंग असे. पीक-ग्लास म्हणतात त्याला, एका इंचात धागे किती ते त्यातून मोजायचे. बायकोला तो घरी विसरला असेल, भिंग कधी विसरला नाही.

मग कारखान्याला टाळं लागलं. बापाची जमीन आधीच गोदामाला गेलेली, भाडं महिन्याच्या महिन्याला येई. पोटाची ददात नाही आणि हाताला काम नाही. रिकाम्या माणसाला खोड जडायला कितीसा वेळ लागतो? कुणी राजकारणात पडलं, कुणी तोंडात गुटखा धरला. महादूला चाकू जडले.

चाकू म्हणजे स्वयंपाकघरातले नव्हेत. खिशात ठेवायचे, घडीचे, जुने. भिवंडीच्या भंगारात काय येत नाही? जहाजं फुटतात ती येतात, बंगले मोडतात ते येतात, आणि कुणा मेलेल्या पारशाच्या टेबलाच्या खणातला चाकू गंजलेल्या बिजागऱ्यांबरोबर किलोवर येतो. महादूनं पहिला चाकू असाच उचलला आणि सहज म्हणून भिंग लावलं. पात्याच्या मुळाशी, जिथं पातं मुठीत शिरतं तिथं, बारीक अक्षरं होती. नाव, गाव, एक छोटं चित्र. झालं. त्या दिवसापासून हा माणूस वाया गेला.

तो शिकला मात्र मन लावून, हे कबूल करायला पाहिजे. मूठ शिंगाची की हाडाची की प्लास्टिकची, पातं उघडताना पाठीवरची स्प्रिंगची पट्टी कसा आवाज करते, पातं ओढायची नखाची खाच लांब की आखूड, छापात नुसतं शहराचं नाव आहे की देशाचंही, यावरून तो चाकूचं वय सांगू लागला. मोबाईलवर एका गटात पुण्याची, इंदूरची, बरेलीची माणसं फोटो टाकत आणि खाली लिहीत, 'तरेजी, जरा देखिए.' तरेजी बघत. प्रत्येक चाकूला नंबर, आणि प्रत्येक नंबराला वहीत चार ओळी. जुना चाकू घासूनपुसून चकचकीत करू नये, वयाचा डाग हाच त्याचा दाखला, हेसुद्धा त्याला पुढं कळलं. सुरुवातीला मात्र त्यानं मिळेल तो चाकू पितळेच्या पॉलिशनं घासला.

एक खोड वाईट होती. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी पेटी बाहेर. पाहुणा लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असो की कुणी गेल्याची बातमी घेऊन, त्यानं आधी चाकू बघायचे. त्याची बायको सीताबाई म्हणायची, "दारात यम आला तरी हे त्याला चाकू दाखवतील, आणि तो कंटाळून परत जाईल." लोक हसत, महादूही हसे. आपल्या डोळ्याचा त्याला एवढा गर्व होता की तो टोमणाही त्याला शाबासकीच वाटे.

आता आक्काची गोष्ट. आक्का म्हणजे महादूची थोरली बहीण, पडघ्याला दिलेली. तिचा नवरा हसुराम आठ वर्षांपूर्वी आजारानं गेला. मागं एक पोरगा, भाविक. हायवेच्या गोदामात सुपरवायझर म्हणून लागला आणि यंदा त्याचं लग्न ठरलं. मुलगी क्षितिजा, शिकलेली, काल्हेरकडच्या तालेवार घरची. तिचे काका मनोजशेठ म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. साखरपुड्याला ते चार गाड्या भरून पडघ्याला आले. महादू सख्खा मामा, तेव्हा तो पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग.

आपल्या आगऱ्यांच्या लग्नात हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू खोचून. अक्षता पडेपर्यंत ती हातातून सुटायची नाही. नजर लागू नये, बाहेरचं वारं लागू नये म्हणून. बाकीची घरं दर लग्नाला बाजारातून नवी आणतात. आक्काच्या सासरी मात्र तीन पिढ्या एकच सुरी, तीही घडीची. हसुरामचा आजा खाडीत होडीवर होता तेव्हा त्यानं बुडता साहेब ओढून काढला, आणि साहेबानं ओल्या खिशातून चाकू काढून त्याच्या हातावर ठेवला, असं ते सांगत. खरं-खोटं त्या खाडीला ठाऊक. पण घरात पैसा नसतानाही या सुरीमुळं त्या घराचं नाव निघे. महादूनं ती पूर्वी पाहिली होती, पण कशी? आक्काच्या लग्नात, हसुरामच्या मुठीत. पातं लिंबात, मूठ मुठीत. आणि तेव्हा त्याला चाकूतलं ओ की ठो कळत नव्हतं.

साखरेची पुडी फुटली, पेढे फिरले आणि मनोजशेठ म्हणाले, "आक्का, तुमची ती साहेबाची सुरी बघू तरी. आणि चाकूवाले मामा इथंच बसलेत. होऊन जाऊ द्या."

आक्का म्हणाली, "देवात ठेवलेली हाय. आता कशाला?"

"आण गं," महादूच बोलला. "मी एवढे लोकांचे बघतो, घरातलाच राहिला."

भाविक आत गेला आणि लाल फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन आला. आक्का दाराला टेकून उभी होती. महादूनं भिंग काढलं, त्याची घडी उलगडली, चाकू उजेडाकडं धरला. पन्नास माणसांच्या माना पुढं झुकल्या. एवढं भाग्य त्याला कारखान्यातही कधी लाभलं नव्हतं.

आणि मग तो बोलला. तोंड उघडण्याआधी एकदा बहिणीकडं बघावं, एवढंही त्याला सुचलं नाही.

"शिंग न्हाय हे. प्लास्टिक. ही बघा कडेला साच्याची रेघ. छाप ठोकलेला न्हाय, वरवर उमटवलाय. जत्रेतला माल. दहा वर्षांच्या वर याचं वय न्हाय."

मग मनोजशेठ म्हणाले, "म्हणजे साहेब बुडाला कधी? परवाच्या गटारीला?"

जो हशा पिकला तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. महादूही हसला. कारण हशा त्याच्या पारखीला मिळालाय असंच त्याला वाटलं. मनोजशेठनी चाकू भाविकच्या हातात परत ठेवला आणि हसतहसतच म्हणाले, "बाकी सांगितलेलं तरी खरं धरायचं ना आक्का? जमीन, नोकरी?" भाविकच्या कानशिलापर्यंत लाली चढली.

"असंल," एवढंच आक्का म्हणाली आणि आत गेली. पाहुणे गाड्यांत बसेपर्यंत ती बाहेर आली नाही.

घरी आल्यावर सीताबाईनं पायातल्या चपला काढण्याआधीच तोंड सोडलं. "आज काय केलंत ते कळलं का तुमाला?"

"खोटं बोललो का मी? खरं ते सांगितलं."

"खऱ्याची एवढी हौस हाय तर एकांतात सांगायचं. भर साखरपुड्यात बहिणीला खोटं पाडलंत. त्या दिवशीपण अशीच 'असंल' बोलून उठली व्हती ती."

"कुठल्या दिवशी?"

सीताबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याला बसावं लागलं. मग तिनं सांगितलं. हसुराम भावोजी दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. आक्का दोन बस बदलून दुपारची आली होती, एकटी, उन्हातान्हातून. महादूनं तिला खाटेवर बसवली आणि पेटी काढली. एकेक चाकू तिच्या हातात देत गेला. असा जुना चाकू कुणाच्या घरात असेल तर आज त्याला हजारोंनी भाव आहे, असंही म्हणाला. ती म्हणाली, असंल. तिचा चहा निवला. साडेचारच्या बसला ती उठून गेली. "कशाला आली व्हती ते तिनं सांगितलं न्हाय आणि तुमी इचारलं न्हाय," सीताबाई म्हणाली. "मी भांडी घासत व्हते. मीपण न्हाय इचारलं. पण मी तिचा सख्खा भाऊ न्हाय."

महादूला तो दिवस आठवतच नव्हता. आठवत होतं ते निराळंच. हसुराम गेल्यावर तो पडघ्याला धावला होता आणि चार बायकांच्या देखत बहिणीवर खेकसला होता, "एवढं झालं, मना सांगायचं तरी. मी काय मेलो व्हतो?" आक्का तेव्हा गप्प होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, दुःखानं गप्प आहे.

ताक्यात एक तार तुटलेली दिसली की चेकर पुढं जात नाही, कापड मागं ओढतो. सकाळी उठून महादूनं तशी वही मागं ओढली. आठ वर्षं मागं. एकेचाळीस नंबरशी त्याचं बोट थांबलं.

'घडीचा चाकू. एक पातं. शिंगाची मूठ. छाप: पाच पाकळ्यांचं फूल, खाली गाव शेफील्ड, विलायत. वय नव्वदच्या पुढं. पात्याच्या टोकाला निळसर काळा डाग, फळं कापायला वापरलेला असावा. एक बाजू घासली, दुसरी ठेवली. मिळाला: पडघा, सलामतभाईचं भंगार.'

आणि खाली तारीख. ती तारीख त्यानं दोनदा वाचली. ते हसुरामचं तेरावं होतं. तेराव्याचं जेवून परत येताना रस्त्यात भंगाराचं दुकान दिसलं म्हणून हा माणूस रिक्षा थांबवून उतरला होता.

त्यानं पेटीतून एकेचाळीस नंबर काढला. उघडला. पट्टीनं भरदार टक असा आवाज केला. त्यानं भिंग लावलं आणि आठ वर्षांत जे दिसलं नव्हतं ते त्याला दिसलं. फळं कापणाऱ्याच्या चाकूला डाग पडतो तो पात्याच्या मध्यावर, धारेच्या अंगानं. हा डाग फक्त टोकाला होता, बोटाच्या पेरभर, वर एक सरळ रेघ. एकावर एक असे डाग चढलेले. टोकाला तासन्‌तास, दिवस-दिवस आंबट काय बसून राहतं? महादूच्या स्वतःच्या लग्नात त्यानं दीड दिवस सुरीला खोचलेलं लिंबू मिरवलं होतं, बोटांना त्याचा वास आठवडाभर होता. आगऱ्याच्या पोटी जन्मून त्यानं वहीत लिहिलं होतं, फळं कापायला वापरलेला असावा. आणि मग एका बाजूचे तीन पिढ्यांचे नवरदेव पॉलिश लावून घासून टाकले होते.

तरी माणसाची जात बघा. मनात अजून एक चोर होता, तो म्हणत होता, नसेल हा तो, पडघ्यात काय एकच चाकू आहे? त्या चोराला घेऊनच तो सलामतभाईकडं गेला. सलामतभाई तराजूजवळ बसून तांब्याची तार सोलत होता. चाकू त्यानं लगेच ओळखला.

"ये तो एक बाई लाई थी. आठ-नौ साल हुआ. पूछती थी, राहनाळवाला चेकर बोलता है पुराने चाकू का हजारों मिलता है, तुम कितना दोगे? मैंने बोला, माँ, मैं तो वजन का आदमी हूँ. फिर भी उसका आदमी दवाखाने में था तो गाडी के भाडे जितना दे दिया."

महादूनं विचारलं, "और कुछ बोली?"

सलामतभाईनं तार खाली ठेवली. "बोली थी, राहनाळवाले को मत देना. मैंने हाँ भी बोला था. पर महिनाभर कोई आया नहीं, और पहला गिऱ्हाईक आप ही आ गए. धंदा है, चेकरसाब. बुरा मत मानना."

महादूनं वाईट वाटून घेतलं नाही. त्याला तोंडच उरलं नव्हतं. तो तिथल्याच एका पालथ्या ड्रमवर बसला आणि बराच वेळ हायवेवरचे ट्रक बघत राहिला. आक्कानं चाकू विकला होता आणि मग दसऱ्याच्या पूजेला देव्हारा रिकामा दिसू नये म्हणून जत्रेतून त्याच्यासारखा दिसणारा आणून ठेवला होता. पोरालाही कळू दिलं नव्हतं. आठ वर्षं तिनं ती लाज लाल फडक्यात झाकून ठेवली. आणि सख्ख्या भावानं ती पन्नास माणसांत उलगडून, वर भिंग लावून दाखवली. या पारखीला शाबासकी मागत तो हसला होता. ते हसू त्याला राहून राहून आठवत होतं आणि प्रत्येक वेळी कानांच्या पाळ्या तापत होत्या.

तीन दिवस त्यानं कुणाला तोंड दाखवलं नाही. मोबाईलवर बरेलीच्या माणसानं फोटो टाकला, त्यानं उघडलासुद्धा नाही. चौथ्या दिवशी सीताबाई म्हणाली, "हळद चार दिवसांवर आली. काय करायचं ते करा, पण तिच्या दारात जाऊन करा."

आक्का ओटीवर हळदीच्या जेवणाचे तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं आणि परत सुपात बघितलं. महादू समोर बसला. खिशातून चाकू काढला. सुरी हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, म्हणून त्यानं ती जमिनीवर ठेवली, तिच्या पुढ्यात.

आक्काचे हात थांबले. तिनं ती उचलली नाही. नुसती बोटानं उलटी केली. एका बाजूला डाग होता, दुसरी बाजू आरशासारखी. ती घासलेली बाजू तिनं बराच वेळ बघितली.

"माझ्याकडं व्हती," महादू म्हणाला. "मना म्हायीत नव्हतं."

"तुना म्हायीत नव्हतं," आक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

"आक्का, तू त्या दिवशी कशाला आली व्हतीस?"

तिनं एक खडा निवडून बाजूला टाकला. "डाक्टर बोलला, आपरेशन करायचं का न्हाय ते दोन दिवसांत सांगा, कागदावर सही करा. मना काय कळतंय? भाविक लहान. मी बोलले, महादूला घेऊन जाते, त्याला बारीक अक्षर दिसतं. तो वाचंल, डाक्टरशी बोलंल." मग तिनं आणखी एक खडा निवडला. "तू चाकू दाखवत व्हतास. मी मोजत व्हते. बोलले, दहा झाले की सांगीन. मंग बोलले, पंधरा झाले की. सतरा झाले आणि बस यायची येळ झाली."

महादूनं मान खाली घातली. सुपातले तांदूळ त्याला नीट दिसत नव्हते.

"मी सगळ्यांसमोर सांगतो," तो शेवटी म्हणाला. "मांडवात सांगतो."

"काय सांगशील? आक्कानं घरातली सुरी भंगारात घातली, ते?"

याचा त्यानं विचारच केला नव्हता. खरं सांगायची हौस असलेल्या माणसाला तिथं, त्या ओटीवर, पहिल्यांदा कळलं की या खऱ्यातलं आणखी एक अक्षर बाहेर पडलं तर पुन्हा आक्काच उघडी पडणार. तो म्हणाला, "मंग सांगतो, माझी नजर चुकली. त्या दिवशी मना नीट दिसलं न्हाय."

आक्कानं पहिल्यांदा त्याच्याकडं पूर्ण बघितलं. "तुना जमंल?" ती म्हणाली. मग तिनं सुरी उचलली, पदरात घेतली आणि आत देवाकडं गेली.

लग्न काल्हेरला, मुलीकडच्यांच्या मांडवात. भाविक मुंडावळ्या बांधून आला, हातात सुरी, टोकाला लिंबू. गाडीतून उतरल्या उतरल्या मनोजशेठनी ओळखीचं हसू काढलं. "काय जावईबापू, हीच का परवाच्या गटारीची?"

महादू पुढं झाला. "शेठ, त्या दिवशी माझी चूक झाली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उजेड नव्हता. नजर चुकली. सुरी खरी हाय. शिंगाची हाय. नव्वद वर्षांच्या वरची हाय."

"असं कसं मामा? साच्याची रेघ दाखवलीत की तुम्ही आम्हाला."

"चुकलो."

"लावा भिंग, बघा परत. सगळ्यांसमोर बघा."

महादूनं भिंग काढलं. भाविकनं मूठ जरा सैल केली आणि महादूनं उघड्या शिंगाला भिंग लावलं. शिंगाचे बारीक तंतू त्याला स्वच्छ दिसले, छापातल्या फुलाच्या पाचही पाकळ्या दिसल्या. आयुष्यात त्यानं इतकी खरी पारख कधी केली नसेल. "शिंगच हाय," तो म्हणाला. "आईशप्पथ सांगतो."

मनोजशेठ मागं वळून आपल्या माणसांना म्हणाले, "भाच्याच्या लग्नात मामा दुसरं काय बोलणार? बहिणीनं कान चांगले भरलेले दिसतायत." आणि पुन्हा तोच हशा पिकला. कुणी चेष्टेत महादूच्या पाठीवर थाप मारली. एक म्हातारा सहानुभूतीनं म्हणाला, वय झालं की डोळा जातोच. वाजंत्री वाजली आणि माणसं आत सरकली. महादूनं बहिणीला उघडं पाडलं तेव्हा त्याचं बोलणं कुणालाच खोटं वाटलं नव्हतं. आता तो खरं बोलत होता तर कुत्रं विश्वास ठेवेना.

आक्का मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. महादू तिच्याजवळून जाताना ती एवढंच म्हणाली, "जा, मामाची जागा हाय, मागं उभा ऱ्हा."

तो भाविकच्या मागं जाऊन उभा राहिला. पुढं आंतरपाट धरला गेला, पलीकडं क्षितिजाच्या हिरव्या चुड्याचा नुसता आवाज येत होता. भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. भाविकनं मान न वळवता, ओठ न हलवता विचारलं, "मामा, ही ती न्हाय ना?"

महादूनं मुठीतल्या अक्षता चाचपल्या.

"साखरपुड्याला होती ती हलकी होती. ही जड हाय. बापू होते तवा दसऱ्याला मीच पुसायचो, मंग आई हात लावू देईना. मना हातात आल्या आल्या कळलं." मंगलाष्टकेचं एक कडवं संपलं, अक्षता पडल्या, दुसरं सुरू झालं. "कुठं होती ही?"

महादूनं खांबाकडं बघितलं. आक्का इकडंच बघत होती, पण काय बोलणं चाललंय ते तिला एवढ्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नव्हतं.

"माझ्याकडं," महादू म्हणाला.

"कधीपासून?"

"तुझा बापूस गेला तवापासून."

भाविकच्या मानेवरची शीर ताठ झालेली महादूला मागून दिसली. बापाच्या तेराव्यात मामानं घरातली सुरी उचलली आणि देव्हाऱ्यात जत्रेतला माल ठेवला, असं पोराच्या मनात जुळत गेलं, ते त्याला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. दोन शब्दांत ते दुरुस्त करता आलं असतं. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या चुका बोट ठेवून दाखवणारा तो माणूस तोंड मिटून उभा राहिला.

भाविकनं सुरी दुसऱ्या हातात घेतली आणि मामापासून अर्धं पाऊल पुढं सरकला. आंतरपाट दूर झाला. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, महादूनंही टाकल्या, पण त्याच्या मुठीतल्या निम्म्या तशाच राहिल्या.